राखीव वाटा

आमच्या कचेरीतल्या सर्व्हरला तीन डिस्क आहेत. लिनक्सच्या एलव्हीएममध्ये तिन्हींची जागा एका सामाईक साठ्यात जमा होते. त्यातून हवे तेवढे लॉजिकल व्हॉल्यूम कापून द्यायचे. अगदी एकत्र कुटुंबातल्या कोठीसारखं! अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "सगळीच द्या हो." मी दिली. उदार म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही?

महिन्याभरात मेलवाले रडत आले. साठ्यात शिल्लक शून्य! एक्सएफएस फाइल सिस्टिम चालू कामात वाढते, आकसायला मात्र तयार नसते. माणसासारखीच की! दिलेलं परत मागायचं कोणत्या तोंडाने?

आता पाचवा हिस्सा मी कुणालाच देत नाही. साहेब मला चिकट म्हणतात. म्हणोत बापडे! जो अजून दारात आलेलाच नाही, त्याच्या वतीने कुणीतरी भांडायला हवंच ना?