न घातलेलं पाणी

काहीतरी केल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, यावर मोठमोठ्या ग्रंथांतून काय लिहून ठेवलंय ते तत्त्वज्ञांना विचारा, मी बी.कॉम. आहे. पण बावीस वर्षं काउंटरवर बसून एवढं सांगू शकतो, की ज्याला काही काम नसतं तो पासबुक भरून घ्यायला येतो. मागच्या नोंदीनंतर खात्यातला एक पैसा हललेला नसतो. "असू दे हो, एकदा मारून तर बघा," म्हणतो. हल्ली त्यासाठी यंत्र आलं आहे. आता तो यंत्रापुढे उभा असतो.

अशा माणसाने लिथॉप्स पाळावं. 'लावावं' म्हणण्यासारखं त्यात काही दिसतच नाही. कुंडीत खडी, आणि खडीत एकमेकांना चिकटून बसलेले दोन खडे. ते दोन खडे म्हणजे त्या झाडाची पानं. बर्चेल नावाच्या इंग्रज प्रवाशाने १८११ साली दक्षिण आफ्रिकेत एक गमतीदार गोटा म्हणून उचलला, आणि हातात आलं झाड! त्याचं बहुतेक अंग जमिनीत असतं, वर नुसते पानांचे माथे. त्या माथ्यांवर अर्धपारदर्शक खिडक्या असतात. उजेड तिथून आत उतरतो आणि स्वयंपाक आतल्या आत होतो. खिडकीमागे बसून आयुष्य काढणारं हे झाड मला पहिल्या भेटीतच आमच्या खात्यातलं वाटलं.

बँकेतल्या माणसाने झाडांच्या नादी लागू नये, असं आमच्या साहेबांचं मत आहे. त्यांना मी रोह्याशी नातं असलेल्या चिंतामणराव देशमुखांचा दाखला देतो. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या या गृहस्थांनी केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं बक्षीस मिळवलं होतं. साहेब म्हणतात, "मग तुम्हीही व्हा गव्हर्नर." इथे चर्चा संपते.

खरा प्रश्न पाण्याचा. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या या झाडाच्या मुलखात कित्येक ठिकाणी वर्षाला ३०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमच्या पेण-रोह्याकडचा आकडा ३,००० च्या घरात. त्यांचा अख्ख्या वर्षाचा पाऊस आमच्याकडे जुलैत दोन-तीन दिवसांत पडून मोकळा होतो. म्हणून कुंडी गॅलरीत, पत्र्याखाली, उन्हाच्या बाजूला. माती नावापुरती, बाकी बारीक खडी. पेणमध्ये एरवी मातीला पाणी लावलं की गणपती होतो. इथे मातीला पाणी लावलं की विसर्जन!

त्यातून एक काळ तर असा येतो की पाण्याचा थेंबही घालायचा नाही. फूल येऊन गेलं की मधल्या चिरेतून पानांची नवी जोडी डोकावते. ही नवी जोडी जुन्या जोडीतलं पाणी पिऊन वाढते आणि जुनी सुकत सुकत कागदासारखी होते. म्हणजे रोख रक्कम बाहेरून भरायची नाही, सगळा व्यवहार या खात्यातून त्या खात्यात. मध्येच कोणी दया येऊन पाणी घातलं, तर जुनी पानं सुकत नाहीत, नव्यांची कोंडी होते, आणि कधी कधी सगळंच सडतं.

पण ते महिने काढणं ही तपश्चर्या आहे. शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालता घालता म्हणतात, "अहो, मेलं ते! घोटभर तरी घाला." तहानलेल्याला पाणी देणं हे आपल्याकडे पुण्य. हात तांब्याकडे जातोच. अशा वेळी स्वतःला विचारावं, की हे पाणी नक्की कोणासाठी? झाडाला तर नको आहे. मग तहान कोणाला लागलीय?

आता हा सिद्धांत आळशी माणसाच्या हाती पडला तर धडगत नाही, हे मला कळतं. आमच्याकडे एक फाइल गेले आठ महिने कोणी हलवलेली नाही. तिला काही पालवी फुटलेली नाही. मग उपेक्षा आणि संयम यांत फरक काय? वहीत दोन्हीकडे नोंद शून्यच!

हा प्रश्न मला झाडापुरता पडला असता तर मी काकूंवर सोपवला असता. पण आमचे अण्णा रोह्याला एकटे राहतात. वय ७८. आईला जाऊन चार वर्षं झाली. पेणला या म्हटलं तर म्हणतात, "अरे, तिथे मला करायला काय आहे?" रोह्यात ते अंगण झाडतात, भात लावतात, दुधाचा हिशेब लिहितात. नातेवाईक म्हणतात, बापाला एकटं टाकलंय. त्यांना काय सांगू? लांबून पाहणाऱ्याला टाकणं आणि जपणं सारखंच दिसतं.

मला सापडलेला फरक एवढाच, की टाकणारा बघत नाही. न घालणाऱ्याला घालणाऱ्यापेक्षा जास्त बघावं लागतं. लिथॉप्सला खरोखर तहान लागली की त्याच्या अंगावर सुरकुत्या पडतात, बोटाला ते मऊ लागतं. मग ऋतू बघून पाणी द्यायचं. अण्णांच्या बाबतीत अडचण अशी, की सुरकुत्या आधीपासूनच आहेत. म्हणून दर शनिवारी गाडीने जातो, ओट्यावर बसतो, चहा पितो आणि सहज चाळल्यासारखी करून दुधाची वही बघतो. उभ्या आयुष्यात अण्णांची बेरीज कधी चुकलेली नाही. बँकेत मुलगा आहे तो त्यांच्यामुळे.

गेल्या महिन्याची बेरीज अकरा रुपयांनी चुकली होती.

मी काही बोललो नाही. वही होती तिथे ठेवली. हल्ली बँक सुटल्यावर बुधवारीही रोह्याला जातो. "आज कसा काय रे?" अण्णांनी विचारलं.

"गाडी होती," म्हटलं.