पहिली गोळी कोणी घेतली?

औषधाच्या दुकानातून आपण गोळ्यांची पट्टी विकत घेतो, मुदत संपली नाही ना ते पाहतो आणि पाण्याबरोबर गोळी गिळतो. आपल्या आधी हीच गोळी कोणीतरी, गुण येईल की अपाय होईल हे ठाऊक नसताना, घेतली होती हा विचार सहसा आपल्या मनाला शिवत नाही. प्रयोगशाळेत तयार झालेले रसायन आधी पेशींवर आणि उंदरांवर तपासले जाते. परंतु शेवटी ते माणसालाच देऊन पाहावे लागते. कर्करोगाच्या किंवा एचआयव्हीच्या औषधांबाबत तो माणूस बहुधा खूप आजारी, घाबरलेला आणि सगळे उपाय करून थकलेला असतो. उद्याच्या हजारो रुग्णांसाठी आजच्या एका रुग्णाच्या शरीरावर प्रयोग करणे न्याय्य आहे का? या प्रश्नावर आज आपण विचार करू या.

एझेडटी या औषधाची कथा यासाठी उपयोगी आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे जेरोम हॉरविट्झ या शास्त्रज्ञाने १९६४ साली हे रसायन तयार केले, ते कर्करोगासाठी. कल्पना अशी होती : पेशी वाढताना डीएनएची साखळी गुंफते, तिला खऱ्या कडीसारखी दिसणारी खोटी कडी दिली, तर साखळी पुढे जोडली जाणार नाही. उंदरांवर हा प्रयोग फसला आणि रसायन फडताळात पडून राहिले. वीस वर्षांनी एड्सची साथ पसरली. एचआयव्ही विषाणूही आपली साखळी गुंफूनच वाढतो, आणि तो मात्र ही खोटी कडी उचलतो, असे दिसून आले. कर्करोगासाठी टाकाऊ ठरलेले रसायन विषाणूवरचे औषध ठरण्याची आशा निर्माण झाली.

पण आशा म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून १९८६ साली २८२ रुग्णांवर चाचणी सुरू झाली. १४५ जणांना एझेडटी आणि १३७ जणांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, देण्यात आली. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. काही महिन्यांतच प्लासिबोच्या गटातील १९ रुग्ण दगावले; औषधाच्या गटातील एकच. तेव्हा चाचणी मुदतीआधी थांबवून सर्वांना औषध देऊ करण्यात आले. मार्च १९८७ मध्ये अमेरिकन सरकारने औषधाला मान्यता दिली.

ते १९ जण कोणाचे तरी मुलगे, भाऊ, मित्र होते. त्यांना औषध नाकारले गेले असे आपल्याला वाटते, आणि मन अस्वस्थ होते. पण चाचणी सुरू झाली त्या दिवशी हे औषध तारील की मारील हे कोणालाच माहीत नव्हते. एझेडटीने पुष्कळांचे रक्त घटत असे. उलटे घडले असते तर प्लासिबो घेणारेच सुदैवी ठरले असते. शिवाय घाईलाही मर्यादा असतात. त्या चाचणीचा काळ थोडा होता. औषधाचा गुण किती काळ टिकेल हे तिने सांगितले नाही. लक्षणे दिसण्याआधीच एकटे एझेडटी दिल्याने टिकाऊ लाभ होत नाही, हे १९९३ साली युरोपातील मोठ्या चाचणीने दाखवले. खरा बदल १९९६ च्या सुमारास, अनेक औषधे एकत्र देण्याच्या उपचाराने झाला. म्हणजे चाचणी टाळून केलेली दया ही नेहमीच दया ठरते असे नाही.

मग अन्याय नेमका कोठे सुरू होतो? याचे उत्तर आपल्याच देशातील एका घटनेत आहे. १९९९-२००० च्या सुमारास तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरमध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या सुमारे पंचवीस रुग्णांना एक नवे रसायन टोचण्यात आले. त्यामागे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एक संशोधिका होत्या. २००१ साली प्रकरण बाहेर आले. विद्यापीठाने चौकशी केली तेव्हा आढळले की आवश्यक परवानगी घेतलेली नव्हती आणि माणसाला देण्यापूर्वीची तपासणी अपुरी होती. आपल्यावर प्रयोग होत आहे हे रुग्णांना नीट सांगितलेच नाही, असाही आक्षेप घेण्यात आला. कोणाला इजा झाली की नाही हा पुढचा प्रश्न आहे. उपचार होत आहेत या विश्वासाने आलेल्या माणसाला न सांगता प्रयोगाचे साधन बनवणे, हाच मुळात अन्याय आहे.

पोप पायस बारावे यांनी १९५२ साली डॉक्टरांपुढे बोलताना हेच स्पष्ट केले होते : विज्ञानाचे हित मोठे खरे, पण ते सर्वोच्च नाही, आणि रुग्णाने दिला असेल तेवढाच अधिकार डॉक्टरला त्याच्यावर असतो. एझेडटी तयार झाले त्याच वर्षी, १९६४ मध्ये, जागतिक वैद्यक संघटनेनेही हेलसिंकी येथे आपला जाहीरनामा संमत केला. माणसावरील संशोधनाचे नियम आजही त्याच्या आधारे ठरतात.

दुसरा प्रश्न फळाचा आहे. ज्यांनी धोका पत्करला त्यांच्यासारख्यांना औषध मिळते का? बाजारात आले तेव्हा एझेडटीचा वर्षाचा खर्च सुमारे आठ हजार डॉलर होता. पुढे २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा कुठे गरीब देशांना आशा वाटू लागली. मुंबईच्याच टाटा हॉस्पिटलने वेगळा मार्ग दाखवला. निवोलुमॅब हे कर्करोगाचे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी दिले तर गुण येईल का, हे त्यांनी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर तपासले. सर्वांना नेहमीचे उपचार दिले आणि निम्म्या रुग्णांना त्याच्या जोडीला हे औषध. वर्षभरानंतर नुसत्या उपचारांच्या गटात शंभरातील सोळा, तर औषधाच्या गटात त्रेचाळीस रुग्ण हयात होते. २०२२ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरावर चाचणी झाली, त्यांच्यासारख्या गरिबांचाच प्रश्न तिने विचारला होता.

आपल्या घरच्या रुग्णापुढेही असे संमतीपत्र येऊ शकते. लगेच घाबरून नकार देऊ नये आणि न वाचता सहीही करू नये. शांतपणे विचारावे : हा उपचार आहे की चाचणी? औषध न मिळणाऱ्या गटात आमचा रुग्ण गेला तर त्याच्यावर कोणते उपचार होतील? नाही म्हटले, किंवा मध्येच बाहेर पडलो, तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? भारतातील २०१९ च्या नियमांनुसार माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. तो रुग्णाचा हक्क आहे.

आणि सर्व समजून घेऊन जो रुग्ण 'हो' म्हणतो, तो कदाचित स्वतःसाठी काहीच मिळवणार नाही. ज्यांना तो कधी भेटणार नाही अशा माणसांना तो आपल्या आजारातून काहीतरी देतो. असे दान मागण्याचा हक्क कोणालाच नाही, फसवून घेण्याचा तर नाहीच. ते स्वेच्छेनेच द्यावे लागते. आपल्या हातातली गोळी अशाच अनोळखी माणसांचे देणे आहे. त्यांची नावे आपल्याला कळणार नाहीत, पण त्यांच्यासारखा कोणी आपल्या शेजारच्या खाटेवर असेल, तर तो एकटा पडणार नाही एवढे आपण नक्कीच पाहू शकतो.