पाहुणा कीं गिऱ्हाईक?

परदेशीं गेल्यावर उतरावें कोठें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ सोयीचा व पैशाचा दिसतो. आमच्या सदाशिव पेठेंत आज अनेक घरांतील मुलें-नातवंडें परदेशीं आहेत. निवृत्त मंडळीहि जपान-युरोप पाहून येतात, आणि निघण्यापूर्वीं हॉटेल बरें कीं तेथील जुन्या वळणाचें अतिथिगृह बरें, याचा खल घरोघर चालतो. आमच्या मतें या निवडींत नीतीचाहि एक प्रश्न आहे. परक्या देशीं आपण पाहुणे म्हणून जातों, कीं गिऱ्हाईक म्हणून?

देश बदलल्याची तोशीस प्रवाशास लागूं देऊं नये, हा मोठ्या हॉटेलांचा धर्म. तोच पलंग, तीच न्याहारी, तोच नम्र पण ओळख नसलेला चेहरा. याउलट जपानांतील ‘ऱ्योकान’ पाहावें. यामानाशी प्रांतांतील केइउन्कान हें असेंच एक अतिथिगृह; त्याची स्थापना इ. स. 705 मधील मानली जाते. अशा घरांची रीत ठरलेली असते. जोडे दारांत काढावयाचे, तातामीच्या चटईवर बसावयाचें, नेमल्या वेळीं जेवावयाचें, सामाईक स्नानकुंडांत उतरण्यापूर्वीं अंग स्वच्छ धुवावयाचें. भाडें मोजूनहि येथें वागावयाचें तें घराच्या चालीप्रमाणें.

हें ऐकून आमच्या पेठेनें तरी बिचकूं नये. येणाऱ्याजाणाऱ्यास दारावरील पाटीनेंच शिस्त लावणें, ही तर आमची ख्याति! दुपारीं एक ते चार कोणी घंटा वाजवूं नये, असा ज्याचा आग्रह, तोच गृहस्थ परगांवीं जेवणाची वेळ पाळावी लागली म्हणून कुरकुरूं लागतो. आपल्या उंबरठ्यावर नियम आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यावर सवलत, हा न्याय नव्हे. ज्याला माशाचें वावडें आहे त्यानें तसें आधींच कळवावें, कारण जपानी रश्शाच्या मुळाशीं बहुधा मासाच असतो. तेवढ्यानें सोय होत नसेल तर खुशाल हॉटेलांत उतरावें. त्यांत कमीपणा नाहीं.

तथापि जुन्या घरांची बाजू घेतांना एक गंभीर आक्षेप टाळतां येत नाहीं. आतिथ्य जितकें जिव्हाळ्याचें, तितकें तें निवडक असूं शकतें. वार लावून जेवणारे गरीब विद्यार्थी पुण्यानें पोसले, हें भूषणावहच. परंतु पाट मांडण्यापूर्वीं जात पाहिली जात असे, हेंहि तितकेंच खरें. 1917 सालीं डॉ. आंबेडकर अमेरिकेंतील व इंग्लंडांतील शिक्षणानंतर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशांच्या एका उतारगृहांत त्यांनीं पारशी नांवानें आसरा घेतला, आणि अकराव्या दिवशीं काठ्या घेऊन आलेल्या जमावानें त्यांना बाहेर काढलें. परदेशांतील वास्तव्यांत ज्या अस्पृश्यतेचा त्यांना विसर पडला होता, ती स्वदेशीं उताऱ्याच्या दारांतच उभी होती. अशा मनुष्यास हॉटेलाचा तो अनोळखी चेहरा रुक्ष वाटेल काय? ‘तूं कोण?’ असें न विचारतां किल्ली हातीं देणारें दार त्याला देवळाहून पवित्र वाटलें, तर नवल नाहीं. 1950 सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें 15 व्या अनुच्छेदांत उपाहारगृहें व हॉटेलें यांचीं दारें जातिधर्माच्या कारणावरून बंद करण्यास मनाई केली, ती याच अनुभवाच्या पोटीं.

मग जिव्हाळा हवा तर अन्याय सोसावा, आणि न्याय हवा तर परकेपणा पत्करावा, असेंच आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. घराचे नियम दोन जातींचे असतात. जोडे काढणें, वेळ पाळणें, अंग धुणें हे आचाराचे नियम. ते कोणालाहि पाळतां येतात. जन्म विचारणारा नियम मात्र कितीहि सौजन्यानें वागून पाळतां येत नाहीं. पहिला नियम पाहुण्यास घरांत घेण्याची वाट आहे, दुसरा त्याला बाहेर ठेवण्याची. जपानांत 1948 च्या कायद्यानें अतिथिगृहांस ठराविक कारणांवांचून प्रवासी नाकारतां येत नाहीं. तरी जोडे दारांतच राहतात. म्हणजे दार सर्वांस उघडें ठेवूनहि घराचें घरपण टिकतें.

तेव्हां ज्यांना झेपेल त्यांनीं परदेशीं चार रात्री तरी जुन्या घरांत काढाव्या, आणि त्या घराचा आचार निमूटपणें पाळावा. मात्र परत आल्यावर आपल्याहि दारावरची पाटी एकदां वाचून पाहावी. भाड्यानें खोली देतांना, पंक्तीस कोणाला बोलावितांना, आपण येणाऱ्याची वागणूक विचारतों कीं आडनांव? याचें उत्तर ज्याला स्वच्छ मनानें देतां येईल, त्यालाच दुसऱ्याच्या घरीं पाहुणा म्हणून जाण्याचा खरा अधिकार आहे.