अंगणातील जुने जाते

घरातील जी वस्तू आता कामाची राहिली नाही तिचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा दिसतो. परंतु थोडा विचार केला असता त्यात न्यायाचाही प्रश्न आहे असे आढळून येईल. अलीकडे शहरांतील बंगल्यांच्या बागांत, हमरस्त्यावरील हॉटेलांच्या दारांत, आणि आता आपल्या खेड्यांतील नव्या सिमेंटच्या घरांपुढेही जुन्या वस्तू मांडण्याची हौस वाढली आहे. बैलगाडीचे चाक कुंपणाला टेकविलेले असते, तांब्याच्या घंगाळात फुलझाडे लाविलेली असतात, गुरांना पाणी पाजण्याची दगडी डोण दिव्यांनी सजविलेली असते, आणि जात्याचे दगड पायवाटेत बसवून त्यांवरून पाहुणे चालत जातात. ही हौस वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. जुने ते सारे भंगारात घालून त्याच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आणावयाच्या, यापेक्षा ती निश्चित बरी. तथापि ज्या वस्तूवर कोणाचे तरी आयुष्य झिजले ती शोभेसाठी मांडण्याचा अधिकार कोणाला, हे आपण विचारीत नाही. आणि ते विचारावे एवढ्यासाठी हा लेख.

जात्याचेच उदाहरण घेऊ. पिठाची गिरणी गावात येईपर्यंत घरच्या बाईचा दिवस पहाटेच्या काळोखात जात्यापाशी सुरू होई. दळता दळता ज्या ओव्या गाइल्या जात त्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्या उभयतांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जमविल्या, आणि त्यांची संख्या एक लक्षाच्या वर गेली. सन २०१७ पासून पारी ह्या संस्थेने त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, भावाचे कौतुक आहे, सासरचा जाच आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुणगानही आहे. ज्यांस बोलावयास दुसरी जागा नव्हती त्या बायका जात्यापाशी बोलल्या. तेव्हा जाते म्हणजे 'जुना गोड काळ' असे जो म्हणतो त्याने बहुधा एकही पायली दळलेली नसते.

आमच्या माहितीच्या एका गावी एका तरुणाने नवे घर बांधिले, आणि आजीचे जाते ओट्यावर मांडून त्यावर फुलांची कुंडी ठेवण्याचे योजिले. आजीबाई ऐंशीच्या घरातील. त्या म्हणाल्या, "बाबा, तीस वरसं ह्यानं माझी झोप खाल्ली. त्याच्यावर फुलं नको ठेवूस. न्हाणीपाशी घाल, पाय धुवायला तरी कामाला येईल." नातू प्रथम हिरमुसला, पण त्याने तसेच केले. त्याच गावातील दुसऱ्या एका बाईने मात्र आपले जाते जागचे हलवू दिले नाही. ते तिच्या आईने लग्नात दिले होते, आणि अजूनही ती त्यावर कधीमधी डाळ भरडते. दोघींपैकी कोणाचे योग्य, असे आम्हांस एकदा कोणी विचारिले. आमच्या मते दोघींचेही. जिने दांडा ओढला तिनेच त्या दगडाचे काय व्हावे ते सांगावे, आणि ती हयात असता तिला न विचारता तो दगड उचलणे ही, सद्‌भावनेने केली तरी, एक प्रकारची हिसकावणीच होय.

येथे कोणी म्हणेल की अन्नाला लागलेल्या वस्तूस पाय लागू नये, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. मग न्हाणीत जाते घालणे अशोभनीय नव्हे काय? उलट आपल्यापैकी काही बंधू असेही म्हणतील की जात्यास असा मान देणे म्हणजे दगडाची पूजाच झाली. आम्हांस दोन्ही आक्षेप फार ताणलेले वाटतात. दगडात देव नाही हे आपण जाणतो. परंतु त्या दगडाशी ज्याचे मन जडले आहे तो मनुष्य आपल्या शेजारी राहतो, आणि त्याच्या मनास जपणे ही मूर्तिपूजा नव्हे. शेजाऱ्यास पायवाटेतील जाते पाहून वाईट वाटत असेल, तर तो दगड वाटेच्या कडेला बसविण्यात आपले काय जाते?

जात्यावर आणखी एकाचा हक्क असतो, आणि त्याचा तर कोणी विचारच करीत नाही. काळ्या पाषाणातून जाते घडविणारा, आणि घासून गुळगुळीत झालेल्या दगडास पुन्हा टाकी लावून देणारा मनुष्य बहुधा वडार अगर टकारी असे. टाकीच्या ठोक्यावरूनच टकारी हे नाव पडले. गावोगाव फिरून सर्वांचे पीठ बारीक करून देणारे हे लोक सरकारी दप्तरात मात्र गुन्हेगार म्हणून नोंदले गेले. सन १८७१ च्या कायद्याने देशातील अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी झाली, आणि तो कायदा रद्द व्हावयास सन १९५२ उजाडले. वडार व टकारी ह्यांची गणना आज महाराष्ट्रात विमुक्त जातींत होते ती त्यामुळेच. हॉटेलच्या बागेतील जात्यापाशी उभे राहून जो छायाचित्र काढवितो, त्याला त्या दगडावरील टाकीच्या रेघा दिसतात. त्या कोणाच्या हाताच्या आहेत हे त्याला सांगणारे कोणी नसते.

आता किंमतीविषयी. जुन्या वस्तूंचे व्यापारी खेड्यांत येतात, आणि ते बहुधा अडचणीच्या दिवसांत येतात. अशा वेळी घंगाळ वजनावर विकले जाते, नक्षीचा दरवाजा जळाऊ लाकडाच्या भावाने जातो, आणि तीच वस्तू शहरात अनेक पटींनी महाग होते. विकणाऱ्याने विकू नये असे आम्ही म्हणणार नाही. मुलीची फी भरण्यासाठी सासूचे घंगाळ विकणे हे सासूचा अपमान करणे नव्हे. मात्र विकण्यापूर्वी तालुक्याच्या गावी दोन ठिकाणी भाव विचारावा. आणि घेणाऱ्याने, विशेषतः तो आपल्याच मंडळीतला नोकरदार असेल तर, शेजाऱ्याच्या अडचणीवर आपली बाग सजवू नये. पुण्याचे कै. दिनकर केळकर ह्यांनी दिवे, अडकित्ते, दारे, भांडी अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या, आणि सन १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. जमविलेले अखेरीस सर्वांचे झाले, म्हणून त्या संग्रहाविषयी आम्हांस आदर वाटतो.

जी वस्तू अंगणात ठेवावयाची ती शक्य तोवर कामास लावावी, असे आमचे मत आहे. डोण असेल तर तीत पाखरांसाठी पाणी भरावे, आणि ते दोनतीन दिवसांनी बदलावे. मोडक्या पलंगाच्या फळ्यांचा बाक करावा. पण त्याचे पाय मातीत पुरू नयेत, खाली सपाट दगड द्यावेत, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच वाळवी लागते. लाकडास जवसाचे तेल पातळ हाताने लावावे. ते हवेने वाळून कठीण होते. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, कारण त्या आपोआप तापून पेट घेतात. गाडीचे चाक उन्हात उभे केले तर लाकूड आक्रसते, आरे खिळखिळे होतात आणि लोखंडी धाव सैल पडते. त्याची जागा पडवीच्या छपराखाली. तांब्यापितळेस चिंच व राख पुरते, तेजाब लावू नये. दगडास तर रंग देऊच नये! गुलाबी रंगविलेले जाते आम्ही पाहिले आहे, आणि ते पुन्हा पाहण्याची आमची इच्छा नाही.

काही वस्तू मात्र कितीही स्वस्त मिळाल्या तरी दाराशी आणू नयेत. पिकावर फवारण्याच्या विषारी औषधाचे पिंप कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला अगर मुलांच्या खेळण्याला कधीही वापरू नये. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर टिकाऊ खरे, परंतु त्यांपैकी पुष्कळांत क्रिओसोट नावाचे विषारी तेल मुरविलेले असते. त्यांचा बाक करू नये, की भाजीच्या वाफ्यास बांध घालू नये. फार जुन्या रंगात शिसे असते, म्हणून जुनी दारे कोरडी घासू नयेत, आणि ओली करून घासतानाही मुलांना दूर ठेवावे. टायरच्या कुंड्यांत पाणी साचले की डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि ती अंडी पाणी आटल्यावरही कित्येक महिने जिवंत राहतात. अंगण सजले आणि घरातील मूल तापाने फणफणले, तर तो व्यवहार कोणत्या हिशेबाने फायद्याचा?

शेवटी मंडळीच्या वस्तूंविषयी. उपासनामंदिर नव्याने बांधताना जुने बाक, कौले, घडीव दगड उरतात, आणि ते पंचांपैकी जो आधी गाडी आणील त्याच्या अंगणात पोचतात. हे बंद व्हावे. जुन्या बाकांवर पहिला हक्क सर्वांच्या झाडाखालच्या जागेचा आहे, जेथे लग्नाला आलेली म्हातारी माणसे टेकतील. आणि कबरस्तानातील पडलेला, नाव कोरलेला दगड धुण्याला अगर पायरीला नेण्याची जी सवय काही ठिकाणी आहे, तिच्याविषयी आम्ही उपदेशक बंधूंना स्पष्टच लिहितो: असा दगड दिसला तर आधी त्यावरील अक्षरे कागदावर उतरून घ्यावी, मग मंडळीची बाप्तिस्म्याची व दफनाची जुनी वही उघडून ते नाव शोधावे, आणि त्या घराण्यातील कोणी मुंबईस अगर पुण्यास असेल तर त्याला पत्र घालावे. उत्तर येईपर्यंत दगड मंदिराच्या भिंतीला, अक्षरे बाहेरच्या बाजूस करून, उभा करून ठेवावा.