मैत्रीचे जाळे आणि सरकारी दप्तर

सार्वजनिक आरोग्याचा सरकारी हिशेब अंतराचा असतो. सपाट मुलखात ३०,००० लोकवस्तीमागे आणि डोंगराळ वा आदिवासी मुलखात २०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा दंडक आहे, आणि दवाखाना जितका घराजवळ तितका रोगी तेथे लवकर पोहोचणार, या गृहीतावर तो उभा आहे. विंचूदंश, बाळंतपण, हिवताप यांच्या बाबतीत हे गृहीत खरेच आहे. परंतु पवन मावळातील एखाद्या गावचा तरुण, ज्याचा शरीरसंबंध पुरुषांशी येतो आणि ज्याला गुह्यांगावर न दुखणारा एक व्रण दिसला आहे, तो जवळचा दवाखाना टाळतो आणि तो जवळ आहे याच कारणाने टाळतो. तेथे केसपेपर काढणारा कारकून भावकीतला असू शकतो, परिचारिका बहिणीच्या सासरची असू शकते, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्यांपैकी एखादा तरी ‘काय होतंय रे तुला?’ असे प्रेमाने विचारल्यावाचून राहत नाही. म्हणून तो लोकलगाडीत बसून पुण्याला जातो, किंवा जातच नाही. औषधाच्या दुकानातून एक मलम आणतो, आणि उपदंशाचा पहिला व्रण काही आठवड्यांनी आपण होऊन भरून येतो हा त्या रोगाचा स्वभावच असल्यामुळे, मलमाला गुण आला असे समजून निश्चिंत होतो. रोग मात्र तोवर रक्तात उतरलेला असतो.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने जोखमीच्या समूहांसाठी पुढे जी कार्यपद्धती रुजवली, तिचाही आधार पुष्कळ अंशी स्थळ हाच राहिला. कार्यकर्ते ज्यांना ‘हॉटस्पॉट’ म्हणतात अशी ठिकाणे, म्हणजे स्थानकाची एखादी बाजू, उद्यानाचा कोपरा, सार्वजनिक मुतारी, नकाशावर टिपायची, तेथे येणाऱ्यांची मोजदाद करायची आणि साधारण साठ जणांमागे एक याप्रमाणे त्यांच्यातलाच एक माणूस ‘पीअर’ म्हणून नेमायचा. या पद्धतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. १९९४ मध्ये अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत स्थापन केलेला हमसफर ट्रस्ट आणि २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात सुरू केलेला समपथिक ट्रस्ट यांनी, भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाचा अंमल चालू असताना, म्हणजे ज्याला निरोध द्यायचा तो कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरत असताना, जे काम उभे केले ते आपल्या सामाजिक इतिहासात नोंदले जावे अशाच योग्यतेचे आहे. त्याआधीच सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने वेश्यावस्तीतल्या स्त्रियांच्या हाती हेच काम सोपवून, मनुष्य आपल्यासारख्याचे ऐकतो, हितोपदेशकाचे ऐकत नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला दाखवून दिली होती.

परंतु मावळ तालुक्यात हॉटस्पॉट कोठून आणावा? ज्या गावात परगावची मोटार आली तरी तिची वार्ता देवळापर्यंत पोहोचते, तेथे पुरुषांनी पुरुषांना भेटण्याचे ठरावीक ठिकाण टिकणार कसे? आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशा खोऱ्याखोऱ्यांत विखुरलेली माणसे मोजणीच्या नकाशावर उमटतच नाहीत. आणि जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तजवीज करायची नाही हा कारभाराचा जुना शिरस्ता आहे. तरीही ही माणसे एकमेकांना भेटतातच. १९७८ पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली या स्थानकांना एका दोरीत ओवते, आणि आता मोबाईलवरचे ग्राइंडरसारखे ॲप समोरचा पुरुष किती अंतरावर आहे हेही सांगते. ओळख होते, एकाची दुसऱ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी. स्थळ नसले तरी जाळे असते. माझे प्रतिपादन असे की, अशा मुलखात लैंगिक आरोग्याची सेवा स्थळाच्या आधाराने पोहोचणार नाही, ती या ओळखींच्या जाळ्यातूनच पोहोचेल. मात्र त्या जाळ्यावर सरकारी दप्तराने हक्क सांगितला की ते जाळे विरून जाईल.

लोणावळ्याचा प्रश्न याहूनही गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे जाळे एक नाही. शनिवारी-रविवारी मुंबई-पुण्याहून जो लोंढा येतो, त्यात समलिंगी पुरुषही असणारच; बंगला भाड्याने घेऊन मित्रमंडळींत दोन दिवस मोकळेपणाने घालवावेत ही त्यांची इच्छा स्वाभाविक आहे, आणि शहरात ज्याला घरच्यांपासून चोरून जगावे लागते त्याला तर ते दोन दिवस फार मोलाचे वाटत असतील. त्यांच्यातल्या पुष्कळांना कोणती तपासणी कोठे होते, कोणता डॉक्टर नाक न मुरडता बोलतो, याची माहिती असते. त्याच गावात हॉटेलांत खोल्या आवरणारी, चिक्कीच्या दुकानांत पुड्या बांधणारी, पर्यटकांच्या गाड्या हाकणारी मुले आहेत. खाली तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणारे, मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेकडून आलेले आणि एका खोलीत पाच-सहाजण राहणारे तरुण आहेत. त्यांच्यातही असे पुरुष आहेत आणि त्यांचेही आपले एक जाळे आहे. ही दोन जाळी शिक्षणाने, भाषेने, पैशाने आणि जातीने एकमेकांपासून इतकी तुटलेली आहेत की मैत्री म्हणून ती एकमेकांना स्पर्शही करत नाहीत; स्पर्श करतात ती केवळ शय्येवर, आणि तेथे प्रश्न विचारण्याची मुभा दोघांना सारखी नसते. संसर्गाला वाट मिळते, माहितीला मिळत नाही. मित्रांच्या जाळ्याचा उपयोग करा असे म्हणणाऱ्यांनी हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा. शहरी मित्राच्या हाती पत्रके दिल्याने ती हॉटेलातल्या मुलाच्या हाती आपोआप पोहोचत नाहीत. त्या मुलाचा विश्वास ज्याच्यावर आहे तो माणूस त्याच्याच खोलीत, त्याच्याच पाळीत शोधावा लागतो.

आता असे मित्र काय साधू शकतात आणि काय साधू शकत नाहीत, याविषयी भाबडेपणा नको. १९९१ मध्ये जेफ्री केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दक्षिणेकडील लहान शहरांत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. समलिंगी पुरुषांच्या मद्यालयांतील लोकप्रिय गिऱ्हाइके हेरून त्यांना शिकवले की ती आपल्या मित्रांचे वर्तन पालटू शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर पुष्कळ इमारती उभ्या राहिल्या. पुढे हीच पद्धत पाच देशांत तपासून पाहिली गेली, त्यांत आपल्या चेन्नईतील दारूची दुकानेही होती. आणि ज्यांना ही शिकवण मिळाली नाही त्यांच्यापेक्षा ज्यांना मिळाली त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. ग्लासगोच्या मद्यालयांत गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगाचे फळ मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. तेथेही शय्येवरचे वर्तन विशेष बदलले नाही; परंतु ज्यांच्याशी त्यांच्यातल्याच कार्यकर्त्याने प्रत्यक्ष बोलणे केले होते, त्यांनी एचआयव्हीची तपासणी आणि काविळीची लस घेण्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे मित्र हा गुरू म्हणून फारसा उपयोगी नाही, वाटाड्या म्हणून आहे. कसे वागावे हे त्याने सांगितले तर आपण ऐकून सोडून देतो. कोठे जावे, कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे आणि कोणाला विचारावे हे त्याने सांगितले तर मात्र आपण जातो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शनात जोखमीच्या समूहांसाठी ओळखींच्या जाळ्यातून तपासणी पोहोचवण्याचा पुरस्कार केला आहे, तो तपासणीचा, सदाचाराचा नव्हे.

आणि वाटाड्याने सांगण्याजोगे खरोखरच पुष्कळ आहे. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक रोगांवर लक्षणे पाहून औषध देण्याची रीत आहे, त्यासाठी राखी, हिरवी, पांढरी, निळी, तांबडी, पिवळी, काळी अशा सात रंगांच्या औषधपुड्या ठरवून दिल्या आहेत. ही योजना चतुर आहे, प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही ती चालते. पण तिचा पायाच लक्षणांवर असल्यामुळे, परमा किंवा क्लॅमिडियासारखा संसर्ग गुदमार्गात वा घशात झाला आणि तो काहीच त्रास देत नसला, तर तो तिच्या कक्षेत येत नाही. रोग्याने स्वतः होऊन ‘माझा संबंध पुरुषाशी आला आहे’ असे सांगितल्याखेरीज डॉक्टरला तेथे पाहण्याचे सुचत नाही, आणि डॉक्टरने विचारल्याखेरीज रोगी सांगत नाही. या कोंडीतून सुटण्याचा मार्ग बहुधा एकच असतो: आधी जाऊन आलेला कोणीतरी म्हणतो, ‘अमुक बाईंना स्पष्ट सांग, त्या ओरडत नाहीत.’

दुसरी गोष्ट भीतीची. १ एप्रिल २००४ पासून देशात एचआयव्हीवरची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजणीखाली गेला की जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे ७८२ समलिंगी जोडप्यांचा पाठपुरावा करणाऱ्या आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासाने सिद्ध केले, औषधे चालू असलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण त्यात सापडले नाही. ही वार्ता मावळातल्या तरुणाला भित्तिपत्रकाने पटणार नाही, कारण भित्तिपत्रकांनी त्याला आजवर कवटीच दाखवली आहे. औषधे घेत असलेला, धडधाकट, कामावर जाणारा मित्र समोर बसला तर पटेल.

मराठीपुरते बोलायचे तर हा मार्ग अगदीच अनोळखी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, त्यातील वाचकांच्या प्रश्नांची सदरे म्हणजे ज्यांना घरात, शाळेत वा डॉक्टरकडे तोंड उघडता येत नव्हते अशांनी टपालाने धरलेला एका विश्वासू माणसाचा हात होता. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय आला. त्यावरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले, आणि तो खटला ते हरले. कर्वे तरीही उत्तरे देत राहिले. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव जगासमोर येऊ द्यायचे नाही, ही अट त्या सदराच्या मुळाशी होती.

त्या अटीपाशीच आजच्या व्यवस्थेची परीक्षा आहे. शासन कोणतीही मदत देते ती आकड्यांच्या मोबदल्यात देते: अमुक महिन्यात किती नवी माणसे जोडली, कितींची तपासणी झाली, कितींना केंद्रापर्यंत सोबत नेले. पैशाचा हिशेब मागण्यात गैर काही नाही. परंतु शहरातली नोंद आणि कामशेतची नोंद यांत अंतर आहे. पुण्याच्या यादीतले नाव गर्दीत हरवते, आणि खोऱ्यातल्या यादीत नुसते वय, गाव आणि धंदा लिहिला तरी माणूस ओळखू येतो. मित्राने मित्राचे नाव सांगितल्यावर तो आकडा होणार असेल, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही; आणि तो न सांगेल तर त्यात त्याचेच शहाणपण आहे असे मी मानेन. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी करू नये, संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करू नये असे तो बजावतो. त्याच महिन्याच्या ६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध ३७७ व्या कलमातून मुक्त केले. कायद्याचा अडसर निघाला, आता प्रश्न शिस्तीचा आहे: नावाऐवजी क्रमांक, गावाऐवजी तालुका, आणि जाळ्याची माहिती जाळ्यापाशीच राहू देणारा लेखापरीक्षक.

शिवाय या मित्रांच्या फुकट श्रमावर व्यवस्था चालवण्याचा मोह टाळला पाहिजे. आपली पाळी सोडून दुसऱ्याला पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा ससूनमध्ये घेऊन जाणाऱ्या कंत्राटी कामगाराचा रोज बुडतो. त्याला सेवाभावाचे प्रशस्तिपत्र देऊन भागत नाही, रोजगाराइतके मानधन आणि गाडीभाडे देणे हा त्याचा हक्क मानला पाहिजे. आणि मैत्रीचे जाळे कितीही लांब पसरले तरी काहीजण त्याच्या बाहेर उरतातच: लग्न झालेला, मुलेबाळे असलेला, स्वतःला कोणत्याच नावाने न ओळखणारा चाळिशीचा गृहस्थ, ज्याला या बाबतीत मित्रच नाही. त्याच्यासाठी १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. आणि त्याची बायको गरोदरपणी तपासणीला येते तेव्हाच बहुधा त्या घरातला संसर्ग प्रथम उजेडात येतो, हेही कटू असले तरी लिहून ठेवले पाहिजे.

मावळातल्या सरकारी व खाजगी डॉक्टरांना म्हणून माझी विनंती मोजकी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, सुटीचा दिवस धरून, कारखान्याची पाळी सुटल्यानंतरच्या वेळात, सर्व पुरुषांसाठी म्हणून दवाखाना उघडा ठेवावा, म्हणजे तेथे येण्याने कोणावर शिक्का बसणार नाही. केसपेपरवर तक्रार लिहिण्याचे काम कारकुनाकडून काढून घ्यावे. आणि ‘संबंध स्त्रीशी, पुरुषाशी की दोघांशी?’ हा प्रश्न, ताप किती दिवस आहे हे विचारावे त्याच आवाजात, प्रत्येकाला विचारावा. एवढे झाले की पुण्या-मुंबईच्या संस्थांनी आपली माणसे पाठवून तळेगाव आणि लोणावळ्यातल्या दोन-चार मुलांना हाताशी धरावे. पुढचे काम ती मुले करतील.