होडी पाहून शीड

सातपुड्यात तोरणमाळला महाशिवरात्रीस गोरक्षनाथांची यात्रा भरते. दर्शनाने भारावलेले प्रपंची आम्हांस विचारतात, "महाराज, नाथांचा योग आम्हांला पेलेल काय?"

त्यांस आम्ही दर्यावरचा दृष्टांत देतो. मोठ्या गलबताचे जुने, पुढचे शीड लहान होडीला तसेच चढविले, तर जोराच्या वाऱ्यात होडी कलंडावयाचीच. मग ते टाकून द्यावे काय? नाही. होडीवर चढवून खुणा कराव्या, धड कोपरा राखावा, जास्तीचे कापड कापावे. पण नुसते कापून भागत नाही, बरे! कापलेली कड दुमडून तिला दोर शिवावा, कोपऱ्यांना ठिगळांची दुहेरी द्यावी. नाहीतर वारा तेथूनच फाडतो.

सज्जनहो, संतांनी हेच केले. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही परंपरा माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगितली आहे. शके १२१२ चा तो ग्रंथ. त्याच परंपरेतले धन वारकरी संतांनी गृहस्थाच्या होडीला बेतून दिले. आसन-मुद्रांचा पसारा काढला, कडेने नामाचा दोर शिवला.

आपण मात्र कापतो आणि कड उसवती ठेवतो! नेम झेपेल तेवढाच घ्या. एक माळ घ्या, पण ती चुकवू नका. शीड लहान झाले, तरी वारा तोच आहे.

॥ रामकृष्णहरि ॥