दैव पाचवे: मालट्रकचे चाक आणि कर्तव्याचा प्रश्न

पुण्याच्या गुलटेकडी भागातील मार्केट यार्डात फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा आणि गूळ-भुसार घेऊन येणाऱ्या मालट्रकांच्या काचेवर देवाचे नाव असते, बंपरला लिंबू-मिरची बांधलेली असते आणि दसऱ्याला त्यांच्या चाकांना हळद-कुंकू वाहिले जाते. या श्रद्धेच्या पोटात भारतीय तत्त्वचिंतनातील एक जुना प्रश्न दडलेला आहे: वाटेत टायर फुटून कुणाचा जीव गेला, तर ते दैव मानावे, की कुणाच्या तरी हातून राहून गेलेले कर्तव्य?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली, आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी अधिष्ठानाचा अर्थ बहुधा शरीर आणि करणांचा अर्थ इंद्रिये असा केला असला, तरी ही मांडणी रस्त्यावरच्या कर्मालाही लावून पाहता येते. दैव येथे नाकारलेले नाही. मात्र ते पाचांपैकी एक आहे, आणि पहिली चार कारणे तपासल्यावाचून सगळा भार पाचव्यावर टाकणे या विचाराशी सुसंगत ठरत नाही.

टायरच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण गाडीचे वजन मुख्यतः रबर नव्हे तर आतली दाबलेली हवा पेलते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, त्यातून उष्णता वाढते, आणि रबर व आतील धाग्यांचे थर यांची पकड सैल होत जाते. जादा भार, तापलेला रस्ता आणि उतारावर सतत दाबलेले ब्रेक या उष्णतेत भरच घालतात. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून ते सहज कळत नाही आणि त्याचा भार शेजारच्या टायरवर पडतो. म्हणून क्षणात झालेला वाटणारा स्फोट अनेकदा कित्येक किलोमीटर आधीपासून घडत आलेला असतो. गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, स्टेपनीसह प्रत्येक चाकाची हवा मापकाने पाहणे, जोडचाकांत अडकलेला दगड काढणे, चीर किंवा फुगवटा शोधणे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मालट्रकच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली नसल्याची खात्री करणे, ही सारी चेष्टा या कारणाच्या कक्षेतली, म्हणजे माणसाच्या हातातली कामे आहेत.

जैन दर्शन याच विचाराला नैतिक धार देते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, अंतर्भूत आहे. तेथे प्रमत्त वृत्तीतून झालेला प्राणघात हीच हिंसा होय. जैन साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध वर्तनाच्या नियमांपैकी, ईर्यासमिती चालताना, तर आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलताना व ठेवताना जीवजंतूंविषयी दक्षता मागते. हे नियम संन्याशांचे असले तरी बंद पडलेल्या ट्रकजवळ त्यांचा आशय गृहस्थालाही लागू पडतो. गाडी शक्य तितकी रस्त्याबाहेर घेणे, धोक्याचे दिवे लावणे, परावर्तक त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर ठेवणे आणि वाहत्या रहदारीच्या बाजूला कुणाला उभे राहू न देणे, यांतून कधीही न भेटणाऱ्या माणसाचा जीव जपला जातो. त्रिकोणाऐवजी ठेवलेले दगड अंधारात दिसत नाहीत, आणि चाक बदलून झाल्यावर ते तसेच टाकून जाणे म्हणजे स्वतःवरचे संकट मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या वाटेत ठेवणे होय.

तरीही एकट्या चालकाला दोषी ठरवणे हाही अविचारच आहे, कारण पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, असे गीतेचा तोच अध्याय पुढे सांगतो. झिजलेला टायर आणखी एका खेपेसाठी ठेवणारा मालक, क्षमतेपेक्षा जास्त पोती चढवणारा माल पाठवणारा, आणि पहाटेच्या लिलावाआधी माल पोचवण्याचा तगादा लावणारा व्यापारी हे सर्व त्या कर्माचे वाटेकरी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्येही जादा भाराचा दंड वाहन चालवणाऱ्यापुरता मर्यादित नाही, तर तसे चालवायला लावणाऱ्यालाही तो लागू होतो. ज्याच्या हाती निर्णयाची सत्ता अधिक, त्याचे उत्तरदायित्वही अधिक, हे धर्माच्या आणि न्यायाच्या दोन्ही दृष्टींनी मान्य करावे लागते.

यातून पूजा आणि तपासणी यांत विरोध उरत नाही. दसऱ्याला चाकापुढे वाकणारा माणूस आपले जीवन ज्या साधनावर उभे आहे त्याविषयी कृतज्ञता व्यक्त करतो, आणि त्या कृतज्ञतेची रोजची कृती म्हणजे हवा पाहणे, नक्षी पाहणे व गरज पडल्यास फेरी नाकारणे. मालक आणि व्यापारी यांनी ती नाकारण्याचा चालकाचा अधिकार मजुरी न कापता मान्य केला, तरच चार कारणे आपापल्या जागी येतात आणि उरलेले पाचवे प्रामाणिकपणे दैवाच्या स्वाधीन करता येते.